शेवटचा नंबर येईल अशी गाडी

नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडने पौंडाचं अवमूल्यन केलं आणि सगळा देश खट्टू झाला. यावर उपाय काय, याचा विचार लंडनमध्ये तीन थोर माणसांनी दुपारच्या जेवणावर केला: ‘डेली एक्स्प्रेस’चे मालक सर मॅक्स एटकिन आणि त्यांचे दोन सहकारी, जॉसलिन स्टीव्हन्स आणि टॉमी सॉपविथ. उपाय निघाला तो असा की, लंडनपासून सिडनीपर्यंत मोटारी पळवायच्या. आपल्याकडे जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. तेव्हा आपण काय केलं? पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभे राहिलो. मोटारी पळवाव्यात हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. देश मागे का पडतात, ते अशा वेळी कळतं.

रविवारी, २४ नोव्हेंबर १९६८ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या शर्यतीच्या मैदानावरून ९८ गाड्या सुटल्या. त्यात १९३० सालची एक बेंटलीही होती. वय झालं म्हणून घरी बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मग मुंबई, असा अकरा देशांतून अकरा दिवसांचा, सुमारे ११ हजार किलोमीटरचा रस्ता आखला होता. तुर्कस्तानात सिवास ते एर्झिंजान हा वाट म्हणायलाही लाज वाटेल असा टप्पा रॉजर क्लार्क या स्पर्धकाने ताशी जवळजवळ शंभर किलोमीटरने कापला. झोप नाही, अंघोळ नाही, जेवण असेल तसं. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी? तर मुंबईच्या धक्क्यावरची बोट गाठण्यासाठी.

या शर्यतीची खरी प्रतिभा मला इथे दिसते. अकरा दिवस जिवाच्या आकांताने धावायचं, आणि मग ‘चुसान’ या पी अँड ओ कंपनीच्या बोटीत गाडी चढवून नऊ दिवस स्वस्थ बसायचं. पहिला आलेला क्लार्क आणि धापा टाकत शेवटी पोचलेला गडी एकाच बोटीने, एकाच वेगाने, एकाच दिवशी ऑस्ट्रेलियाला लागणार. क्लार्कची आघाडी गुणांच्या कागदावर शाबूत राहिली, एवढंच. जगातल्या बहुतेक घाईचा शेवट असाच होतो. पण तो आधीच वेळापत्रकात छापून देण्याचा प्रामाणिकपणा फार थोड्या आयोजकांनी दाखवला आहे.

बोटीत सोय ७० गाड्यांची केली होती, मुंबईला पोचल्या ७२. इंग्रजी नियमावलीत यावर काय तोडगा असतो देव जाणे. पण बंदर मुंबईचं होतं आणि या शहरात लोकलच्या बाकावर चौथी सीट असते. थोडं सरकून घेतलं की झालं. ७२ही गाड्या गेल्या.

त्याआधी दिल्ली ते मुंबई हे साधारण १४०० किलोमीटर स्पर्धकांना २३ तासांच्या आत संपवायचे होते. म्हणजे ताशी साठ, तेही दोन लेनच्या रस्त्यावर, बैलगाड्या, म्हशी आणि समोरून मधोमध येणारे ट्रक सांभाळत. आग्रा रोडने येणाऱ्याला मुंबई पहिल्यांदा भेटते ती मुलुंडच्या नाक्यावर. ज्या देशात फियाट नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती, त्या देशात परदेशी गाड्या मोडायला म्हणून आणल्या जात होत्या. असं औदार्य सहसा बघायला मिळत नाही.

आग्रा रोडचं पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग असं नाव झालं, आणि आम्ही उपनगरवाल्यांनी शर्यतीची परंपरा नावासकट मोठी केली. आज संध्याकाळी सातला घाटकोपरच्या श्रेयस सिग्नलवरून निघून भांडुपचा मंगतराम पंप आणि पुढे मुलुंड चेक नाका गाठून दाखवावा; सिवास-एर्झिंजानचं कौतुक आपोआप कमी होईल. मेट्रो ४ चे पत्रे, पत्र्यांच्या कडेने पाणीपुरी, पाणीपुरीच्या कडेने उभ्या रिक्षा आणि या सगळ्यातून उलट्या दिशेने शांतपणे येणारा एक स्कूटरवाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास क्लार्कलाही झेपला नसता. तिकडे अंधेरीत तर फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली आणि शेजारचा बर्फीवाला पूल तिच्यापेक्षा दीड मीटरहून जास्त खाली राहिला आहे, असं लक्षात आलं. इतका कल्पक अडथळा लंडनच्या आयोजकांना अकरा देशांत मिळून सुचला नव्हता. पुढे तो पूल उचलून जोडण्यात आला, हे खेळाच्या दृष्टीने नुकसानच.

ऑस्ट्रेलियात क्लार्कच्या गाडीने दगा दिला. आधी पिस्टन गेला, मग मागचा डिफरन्शियल. रस्त्याकडेला त्याच्या गाडीसारखीच एक कॉर्टिना उभी दिसली, तेव्हा त्याने तिच्या मालकाला गाठून मागचा अ‍ॅक्सल विकत मागितला. मालक आधी तयार नव्हता, मग झाला. एका अनोळखी माणसाची धडधाकट गाडी उभ्या जागी अपंग करून, ऐंशी मिनिटं घालवून क्लार्क पुढे गेला. असा सौदा आमच्या कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनाही जमलेला नाही. ते निदान गाडी आधी भंगार होऊ देतात.

जिंकला कोण? अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर घेऊन. कंपनीकडे त्याने गाडी मागितली होती ती ‘शेवटचा नंबर येईल अशी’. त्याचा हिशेब सरळ होता: सिडनीला जेमतेम अर्धा डझन गाड्या पोचतील, त्यात शेवटचा आलो तरी पुष्कळ. दहा हजार पौंडांचं बक्षीस त्याला मिळालं. आमच्याकडे मुलाला पहिल्या नंबरासाठी तीन क्लास लावणाऱ्या पालकांना ही गोष्ट सांगू नये, उगाच फी परत मागतील.

खरं तर सिडनी १६० किलोमीटरवर राहिलं असताना आघाडीवर होते लुसियन बियांकी आणि त्यांचा जोडीदार जाँ-क्लोद ओजिए. बियांकी म्हणजे त्याच वर्षी मोनॅको ग्रां प्रीत तिसरा आलेला आणि ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला माणूस. नाउराजवळ त्यांच्या सित्रोएनवर समोरून येणारी मिनी आदळली. दोघं जबर जखमी झाले. मागून पॅडी हॉपकर्क आला. त्याने गाडी थांबवली, आग विझवली, जखमींना पाहिलं. त्याला दुसरा नंबर मिळाला, आणि ते योग्यच झालं. चालू शर्यतीत थांबणाऱ्या माणसाला आणखी काय मिळणार? आमच्या हायवेवर अपघात झाला तर कुणी थांबत नाही. दोन्ही बाजूंच्या गाड्या फक्त हळू होतात, काचा खाली येतात, मोबाइल बाहेर निघतात, नीट चित्रण होतं आणि मग मागच्याच्या हॉर्नला मान देऊन सगळे पुढे सरकतात. मुलुंडपर्यंत.