गोल ट्रॉलीवाले काका

बदलापुरात कुणी किचनला ट्रॉल्या बसवायला काढल्या, की न बोलावता येणारे एक काका असतात. आमच्याकडे बिल्डिंगीगणिक एक आहे. एका खिशात मेजर टेप, दुसऱ्यात लोहचुंबक. चहा उकळेपर्यंत ते ओट्याखाली शिरलेले असतात आणि आवाज तेवढा बाहेर येतो, "वहिनी, हा कोपरा फुकट चाललाय हो!"

या कळकळीचं मूळ स्वयंपाकघरात नाही, लोकलमध्ये आहे. ऐसपैस जागा हवी म्हणून माणूस बदलापूरला आला आणि सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर चौथ्या सीटवर, अर्ध्या मांडीने काढत नोकरी संपवली. वीतभर फळीवर जन्म काढलेल्याला तीन फुटांचा कोपरा मोकळा कसा बघवेल?

मग निरूपण सुरू होतं. दोन्ही अंगांनी दार उघडत असेल तर पाऊण गोल, २७० अंशांची. कोपरा शेजारच्या कपाटाआड दडला असेल तर अर्धचंद्र ट्रे. सगळाच्या सगळा सरकून बाहेर येतो तो मॅजिक कॉर्नर. त्याची किंमत सांगताना काका आवाज खाली आणतात, कारण घरमालक हॉलमध्ये पेपर वाचत असतात. "आणि पूर्ण गोल घेऊ नका. चौकोनात गोल बसवला की २१ टक्के जागा मेली!" हे गणित मात्र खरं आहे. पायला चारने भागून कुणीही पडताळावं.

खरेदी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. तिथे काका ट्रॉली एका बोटाने फिरवतात आणि डोळे मिटून बेअरिंग ऐकतात, वैद्याने नाडी पाहावी तसे. मग चुंबक लावतात. "चिकटलं नाही, म्हणजे ३०४ स्टील!" आता २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि सिंकजवळच्या ओलीत गंज आधी त्यालाच धरतो, पण हे काकांना सांगणार कोण? दुकानदार नुसता चहा पुढे सरकवतो. भाव ऐकला की काकांचं ठेवणीतलं वाक्य येतं, "साईं, अंबरनाथ एमआयडीसी में अपना आदमी है, आधे में बना के देगा." हा आदमी आजतागायत कुणी पाहिलेला नाही.

खुद्द काकांच्या घरी पूर्ण गोल ट्रॉली आहे. डिस्प्लेचा पीस स्वस्तात मिळाला, एवढाच खुलासा ते करतात. दिवाळीत काकूंनी चकलीचा सोऱ्या काढायला ती जरा जोरात फिरवली. तेलाची बरणी पुढे आली, पुरणयंत्र पुढे आलं, सोऱ्या गडप. पिठाचे हात तसेच धरून काकूंनी हाक मारली. काका टॉर्च घेऊन लादीवर पालथे झाले, मान आत घातली आणि आतूनच ओरडले, "बघ, म्हणालो नव्हतो? बरोब्बर २१ टक्क्यांत पडलाय!"