विस्मयाला व्हिसा लागतो

मराठी मध्यमवर्गाला विस्मय वाटतो, पण तो विमानतळ ओलांडल्यावर. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवर, १९१२पासून चालणाऱ्या रेल्वेनं पोचलं की मंडळी गहिवरतात. निसर्गापुढे माणूस केवढासा, वगैरे. मग टूर मॅनेजरला हळूच विचारणा: जेवणात आमरस आहे ना?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला हा गहिवर येत नाही. तिथे आकाशातून पाषाण येऊन आदळला आणि बसाल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, त्यात आज सरोवर आहे. बसाल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर फारच थोडी, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. आपला पाहुणा कडेवर उभा राहून विचारतो, "बोटिंग नाही का?" (पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा फसवणूक झाल्यासारखा होतो.) लोणार शेगावच्या वाटेवर नाही, ही त्याची दुसरी तक्रार.

जून २०२०मध्ये हे पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत. तेव्हा मात्र सगळ्यांना लोणार पाहायचंच होतं, कारण कोरोनामुळे जाता येत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव, त्यामुळे प्रतिष्ठेचाही प्रश्न सुटला. निर्बंध उठल्यावर एका उत्साही कुटुंबाने लोणारला जायचं ठरवलं, आधी फोन करून चौकशी केली.

"आता गुलाबी नाही? मग राहू दे."