भीमाशंकरला जाताना जंगल कसे टाळावे

भीमाशंकरची यात्रा यथासांग पार पाडायची, तर दर्शनाच्या वाटेतला खरा अडथळा गर्दी नसून जंगल आहे, हे आधी मनाशी पक्के करावे. १९८५ साली इथले सुमारे १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरले आणि बारांतले एक ज्योतिर्लिंग नेमके त्यात सापडले. म्हणून काचा वर, गाणी मोठ्याने आणि नजर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ठेवावी. श्रावणी सोमवारी ही एकाग्रता आपोआप साधते, कारण पुढची गाडी हलतच नाही. शेकरू दिसलेच तर वेफर्स द्यावेत, राज्यप्राण्याचा सत्कार रिकाम्या हाताने कसा करणार? हे जनावर एरवी फांदीवरून फांदीवर जाते, जमिनीला क्वचितच पाय लावते. पण रस्ता रुंद करून दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींपासून तोडल्या, की त्याला खाली उतरावेच लागेल. ओळख वाढवायला तेवढे पुरे.

यावर कोणी म्हणेल, देवाची राई म्हणूनच तर इथे पिढ्यान्पिढ्या कुऱ्हाड चालली नाही. देवामुळे जंगल टिकले, मग देवासाठी ते तोडायचे कसे? मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच गैरसोयीचा. त्याला उत्तर एवढेच, की राई देवाची आणि देव आपला. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुसरा आक्षेप इतिहासाचा. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी वाहिलेली भली थोरली घंटा इथवर आली, नाना फडणवीसांच्या काळात शिखर चढले, आणि खांडसहून शिडी घाटाने माणसे आजही चढून येतात; डांबराविना एवढे झाले, तर आता चौपदरीचा हट्ट कशाला? पण त्या घंटेला संध्याकाळच्या आत पुण्याला परतायचे नव्हते, हे आक्षेपक सोयीस्करपणे विसरतात.

राहता राहिली भीमा. त्रिपुरासुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामातून ती निघाली, अशी कथा आहे. घाम देवाने गाळला. भक्तानेही गाळावा असे त्यात कुठेच म्हटलेले नाही, तेव्हा एसी बंद करू नये. पावसाचे पाणी झाडोरा आणि पालापाचोळा धरून ठेवतो, मग ते सावकाश नदीला मिळते, हे खरे. पण आपल्याजवळ बाटलीबंद पाणी असते. ती बाटली रिकामी झाली की उगमापाशीच सोडावी. ही नदी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, म्हणजे एका बाटलीत दोन यात्रा. वाटेत ती चासकमानला अडली नाही तर उजनीला अडेल, आणि तो प्रश्न पाटबंधारे खात्याचा.