मानाची एबीसीडी

अक्षरांतही लहानमोठं असतं, हे आमच्या महाड-पोलादपूरकडच्या पोराला इंग्रजी सुरू झाल्यावरच कळायचं. तोवर 'क' म्हणजे 'क', मग तो कलेक्टरातला असो की कोंबडीतला. वाक्याच्या सुरुवातीला आला म्हणून तो छाती फुगवत नाही, शेवटी ढकलला म्हणून अंग चोरत नाही. दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी सगळी अक्षरं एकाच रेघेला लटकलेली.

मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला भेटायचं आणि भेटायचं तेही चार रूपांत. छापील मोठी ती पहिली लिपी, छापील लहान ती दुसरी, वळणाची मोठी तिसरी आणि वळणाची लहान चौथी. अक्षरं फक्त २६ म्हणून हुरळलेल्या पोरांपुढे १०४ येऊन उभी राहायची. मग चार रेघी वही आणा, मोठ्या 'जी'ला वरच्या तीन रेघांत बसवा, लहान 'जी'ची शेपटी चौथ्या रेघेला टेकवा. वळणाचा मोठा 'क्यू' तर हुबेहूब इंग्रजी दोनचा आकडा! राणी लिहावी आणि वाचणाऱ्यानं 'टूईन' म्हणावं.

लिपी जमली की नियम यायचे. माणसाचं नाव मोठ्या अक्षरानं, गावाचं मोठ्या, वारमहिनेही मोठ्या. ऋतू मात्र लहान. सोमवार मोठा आणि पावसाळा लहान! सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं ज्यानं पाहिलंय, त्या महाडकराच्या हातून पावसाळा लहान निघेल तरी कसा?

खरा घोळ व्हायचा तो 'आय'पाशी. इंग्रज स्वतःला, म्हणजे 'आय'ला, वाक्यात कुठेही असला तरी मोठाच लिहितो. समोरचा 'यू' मात्र वाक्याच्या मध्ये आला की लहान. आमच्याकडे असा माणूस पंगतीत कुणी शेजारी बसवून घेत नाही. त्यामुळे पोरं रजेचा अर्ज आपल्या संस्कारानुसार लिहायची. 'यू' मोठा आणि अर्जदार 'आय' हात जोडून लहान. ताप तेवढा मोठ्या 'एफ'चा, कारण लहान तापाला रजा मिळत नाही. गुरुजी या सगळ्यावर लाल शाई ओतायचे. पुढे कळलं की जर्मन भाषेत नेमका हाच कायदा आहे. तिथे आदरार्थी 'झी' म्हणजे 'आपण' हा मोठ्या अक्षरानं लिहितात, 'मी' लहान आणि नाम म्हटलं की झाडून सगळं मोठं, तापासकट. पोलादपूरचा विद्यार्थी इंग्रजीत नापास होत होता खरा, पण जर्मनच्या रीतीनं त्याचं काही चुकत नव्हतं.

मोठं अक्षर नुसतं शोभेचं नाही, हे मोऱ्यांना विचारावं. आंबेनळी घाट चढला की जावळीचा मुलूख. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली. मोऱ्यांचं इंग्रजी आडनाव मात्र आजही एका मोठ्या 'एम'च्या आधारावर उभं आहे. तो लहान केला की मोऱ्यांचे 'आणखी' होतात. आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. गावच्या मुंबई मंडळानं गावाला इंग्रजीत निरोप धाडला, 'सेंड टू मोअर', सगळं लहान अक्षरांत. गावानं दोन मोरे निवडून रातराणीत बसवून दिले. मंडळाला हवी होती आणखी दोन पावतीपुस्तकं. इतरांचीही गत बरी नाही. पहिलं अक्षर निसटलं की काळ्यांची पालेभाजी होते, दात्यांचा खजूर होतो आणि मान्यांची घोड्याची आयाळ. साने तेवढे शहाणे ठरतात.

सरकारनं हा तंटा एका फटक्यात मिटवला. पॅनकार्डाच्या फॉर्मावर हुकूमच आहे की सगळं कॅपिटल अक्षरांत आणि एका चौकटीत एकच अक्षर. झेरॉक्सच्या दुकानात हा फॉर्म भरणारे आमचे तात्या पाहावेत. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, पेन मुठीत. एक अक्षर चौकटीत बसवायचं, फुंकर घालायची, मग पुढच्या चौकटीत शिरायचं. आडनाव संपेस्तोवर मागे रांग लागलेली. तात्यांनी त्या दिवशी जे मनावर घेतलं ते कायमचं. आता ते व्हॉट्सअॅपवरही कॅपिटलातच लिहितात. 'मँगो रेडी. व्हेन कम.' लालबागच्या पुतण्यानं ते वाचलं आणि घाबरून फोन केला.

"तात्या, रागावलात का?"

"कशाला रागावू रे?"

"मग सगळं कॅपिटलमध्ये का लिहिलंत?"

"चूक नको व्हायला म्हणून. पॅनकार्डवाल्यांनी तसंच सांगितलंय."

"अहो, त्याला ओरडणं म्हणतात."

"मी ओरडलो असतो तर तुला फोन करावा लागला नसता. इथून ऐकू आलं असतं."

सगळं मोठं लिहिलं की नीट वाचता येतं, असं तात्यांसारखंच बऱ्याच जणांना वाटतं. ब्रिटनमध्ये मात्र १९५८ साली प्रेस्टनच्या नव्या रस्त्यावर जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्या पाट्या लागल्या, त्यांवर गावाचं पहिलं अक्षर तेवढं मोठं, बाकीची लहान. भरधाव गाडीतून शब्दाचा चढउतार चटकन ओळखू येतो, असं त्यामागचं म्हणणं. आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, तेव्हा भरधावचा प्रश्न फारसा आला नाही. माणगावात अडकलेला माणूस पाटीवरचं अक्षरच काय, त्यावरचे रंगाचे हातही मोजून दाखवेल.

पण मोठ्या अक्षराचा मान काही लोकांना भांडून मिळवावा लागला, हेही खरं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांसाठी तेव्हा वापरात असलेल्या 'नीग्रो' या शब्दाचा 'एन' मोठा छापा, म्हणून डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. न्यूयॉर्क टाइम्सनं तो मोठा केला १९३० साली. त्याच्या तीनच वर्षं आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आमच्या महाडात चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्याले होते. तिकडे अक्षरात उतरंड होती म्हणून निदान ती बोट ठेवून दाखवता तरी येत होती. आमची सगळी अक्षरं एका रेघेत आणि माणसं मात्र पाणवठ्यावरसुद्धा वेगळी. लिपीनं दाखवलेली समता आम्ही कधी वाचलीच नव्हती.

आणि लहानमोठं करण्याची हौस अजून फिटलेली नाही. देवनागरीत कॅपिटल नाही, ही उणीव आम्ही फ्लेक्सवर भरून काढली. ज्याचा मान मोठा त्याचा फोटो मोठा, बाकीचे शुभेच्छुक पासपोर्ट आकारात. मध्यंतरी असाच एक फ्लेक्स बनताना पाहिला. दहावीत पहिल्या आलेल्या पोरीचा सत्कार होता. पाहुणे दोन, दोघेही भाऊ म्हणवणारे आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. दुकानातला पोरगा बिचारा माऊस धरून कंटाळला होता.

"दोघांची नावं सारखीच घेऊ?"

"सारखी कशी? आमच्या भाऊंचं मोठं घे."

"मग दुसरे भाऊ?"

"ते रागावतील. त्यांचंही मोठं घे. पण आमच्या भाऊंचं लाल घे."

"अहो, जागा संपली. पोरीचं नाव कुठे टाकू?"

कार्यकर्त्यानं स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे टाक बारीक अक्षरात. ती अजून लहानच आहे."