भाऊंना रेडिओ घ्यायचाय

बोरिवली पश्चिमेला एखाद्या जुन्या चारमजली सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सकाळी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ बर्म्युडा घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून खाडीकडे टक लावून उभा दिसला, तर तो पक्षिनिरीक्षक आहे असं समजू नये. पक्ष्यांवर त्याचा मनापासून राग असतो. कावळे त्याच्या केबलला चोच मारतात आणि कबुतरं डिशच्या पाठीमागे संसार थाटतात. हे भाऊ. उपनगरात दर दोन-तीन गल्ल्यांमागे असा एक इसम असतोच. मुलुंडला त्याला शेठ म्हणतात, घाटकोपरला भाई, अंधेरीला बॉस. धंदा एकच, वायरलेस इंटरनेटचा. दुखणंही एकच: एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर इंटरनेट फेकणारे रेडिओ जुने झालेत, नवे घ्यायचेत, आणि घेणं काही होत नाहीये.

भाऊंचं कूळ केबलवाल्याचं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर मुंबईत गच्च्यागच्च्यांवर छत्र्या उगवू लागल्या, तेव्हा भाऊ कॉलेज सोडून नारळाच्या झाडावरून वायर ओढायला लागले. (कॉलेजचं म्हणणं थोडं वेगळं आहे.) २०१२ च्या नोव्हेंबरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि भाऊंच्या कंट्रोल रूममधला कंट्रोल गेला, रूम तेवढी उरली. मग ते इंटरनेटकडे वळले. जिथे मोठ्या कंपन्यांचं फायबर आलं तिथून भाऊ सभ्यपणे बाजूला झाले आणि जिथे ते पोचत नाही ती गिऱ्हाइकं त्यांनी धरली: खाडीपलीकडचे गोराई-मनोरीचे बंगले, पुनर्विकासात अर्धवट पाडलेल्या चाळी, बिल्डरची साइट ऑफिसं. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते, हवा खोदायला लागत नाही, एवढं भांडवल त्यांना पुरलं.

२०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा ऐसपैस तुकडा परवानामुक्त केला. भाऊंनी ती अधिसूचना लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोशेजारी लावली. जे आपल्याला फुकट झालं ते सगळ्या बोरिवलीलाच फुकट झालंय, हे त्यांच्या लक्षात जरा उशिरा आलं. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘नॉइज’, म्हणजे दुसऱ्यांच्या रेडिओंचा गोंगाट, हा शब्द आला. वहिनींनी दळणाचं विचारलं तरी भाऊ म्हणतात, “थांब, आत्ता नॉइज फार आहे.”

रेडिओ पसंतीचा कार्यक्रम गेला दीड-दोन वर्षं चालू आहे. लॅमिंग्टन रोडच्या सगळ्या दुकानांत भाऊंना चहा मिळतो, कारण हा माणूस आज काही घेणार नाही याची दुकानदारांना खात्री असते आणि निदान बोलायला तरी बरा. लाटव्हियाचं मिक्रोटिक, अमेरिकेचं युबिक्विटी, २०११ साली मोटोरोलातून वेगळं निघालेलं केंबियम, या सगळ्यांची माहितीपत्रकं त्यांना पाठ आहेत. खोक्यावर छापलेला वेग हा जाण्यायेण्याचा मिळून असतो आणि तोही जिथे दुसरा रेडिओ नाही अशा ठिकाणचा, हे ते नवख्याला डोळे मिचकावून सांगतात. मधल्या काळात ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओवर त्यांचा जीव जडला होता. विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितलं, या लहरी हवेतला ऑक्सिजनच शोषून घेतो. भाऊंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे प्रदूषण वाढलं की स्पीड वाढणार?” विक्रेत्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने पावसाचा विषय काढला. ६० गिगाहर्ट्झला पाऊस मुळीच सोसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडलेला पाऊस भाऊंनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाहिलेला. प्रकरण तिथेच मिटलं.

खरी पंचाईत रेडिओची नसतेच, मधल्या जागेची असते. समोरची गच्ची नुसती दिसून भागत नाही. तीन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर साधारण सहा मीटर त्रिज्येची मोकळी हवा लागते. भाऊ दोन्ही हात पसरून सांगतात, “लोड असतो ना बैठकीवरचा? तसा आडवा लोड हवेत ठेवलाय समजा. त्याला कुणाचं टाळकं लागता कामा नये.” आणि बोरिवलीत दर महिन्याला एक नवं टाळकं वर येतंय. पुनर्विकासाची नोटीस लागली की सोसायटीत पेढे वाटतात. भाऊ एकटे नोटीस वाचून हळहळतात. दहिसरला विमानतळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, त्याच्यामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. ते गोराईला हलवा म्हणून रहिवासी वर्षानुवर्षं मागणी करताहेत. ते जिथे आहे तिथेच राहो, अशी प्रार्थना करणारा पंचक्रोशीतला एकमेव माणूस भाऊ. त्यांनी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण मतदारयादीत त्यांचंही नाव तिथलंच आहे.

गोराईच्या लिंकने तर भाऊंना ज्योतिषी केलं. ती मध्येच ढेपाळायची. त्यांनी रेडिओला वीज देणारा पीओई बदलला, केबल बदलली, चॅनल बदलला, शेवटी देव बदलायला निघाले होते. तरीवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने सहज विचारलं, “भरतीलाच जाते काय ती?” आणि खरंच की! खाडीच्या पाण्यावरून उसळून येणारी लहर सरळ आलेल्या लहरीला मारते, आणि पाणी चढलं-उतरलं की तिचा हिशोब बदलतो. यावर इलाज नवा रेडिओ नव्हे, डिश थोडी खालीवर करून पाहणं. तेवढं व्हायच्या आत भाऊंनी गिऱ्हाइकांना मेसेज टाकून दिला होता: पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने नेट मंद राहील. एका बंगलेवाल्याने उलट विचारलं, “संकष्टीला चालेल ना?”

२०२२ च्या जानेवारीत वेरावलीला हवामान खात्याचं डॉप्लर रडार सुरू झालं आणि भाऊंना आयुष्यभराची सबब मिळाली. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात रडारची चाहूल लागली की रेडिओने चॅनल सोडायचा असतो, हा नियम खराच आहे. पण आता सोसायटीच्या वॉचमनने फ्यूज काढला तरी भाऊ फोनवर गंभीर आवाजात म्हणतात, “वेरावलीवरून आहे. वरूनच.”

शेवटी माहितीपत्रकं, तक्ते, कुणाकुणाचे सल्ले असं सगळं होऊन दोन रेडिओ डेमोला आले. दोन्ही रात्रभर चालवले. सिग्नल मायनस पंचावन्न, दोघांचाही. भाऊ तक्त्यासमोर कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात पोलवर चढणारा पोरगा खाली उतरला. सगळ्या जाळ्याचा भार ज्याच्या गुडघ्यांवर आहे, त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“भाऊ, हा नको,” तो म्हणाला. “ह्याच्या क्लॅम्पला चार सुटे नट. एका हातानं पोल धरायचा का नट? कालच एक खाली पडला.”

“कुठे पडला?”

“सेक्रेटरी काकांच्या गाडीवर. अजून त्यांना माहीत नाय.”

“आणि तो दुसरा?”

“त्याला नुसता पट्टा. एका हातानं बसतो.”

भाऊंनी लॅपटॉप मिटला. दुपारी दुसऱ्या रेडिओच्या बारा नगांची ऑर्डर गेली.

जुने मात्र उतरवले नाहीत. बॅकअपला राहू देत म्हणाले. त्यामुळे गच्चीवर आता एका पोलला दोन-दोन डिश आहेत. सेक्रेटरी काका जिना चढून वर आले. गच्चीचं भाडं वाढवायचं होतं, पण सुरुवात त्यांनी नेहमीच्याच विषयाने केली.

“भाऊ, हे नवीन आहे म्हणता. यात ते रेडिएशन कमी असेल ना?”

“कमी?” भाऊ म्हणाले. “काका, या मॉडेलला तुमच्यासाठी ते काढूनच मागवलंय.”