चोर सुटला, गिऱ्हाईक अडकलं

जुना गेम, अस्सल डिस्क, खोक्यासकट. नव्या कॉम्प्युटरला बाहेरून डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली, इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलं, डेस्कटॉपवर आयकॉनही आला. डबल-क्लिक केलं की कर्सर क्षणभर गरगरतो आणि थांबतो. ना एरर, ना खुलासा. फार तर एक खिडकी उघडते आणि त्यात मागणी असते: खरी डिस्क घाला. ती तर ड्राइव्हमध्ये फिरतेच आहे!

गेम बिघडलेला नसतो आणि डिस्कवर ओरखडाही नसतो. नादुरुस्त झालंय ते विकणाऱ्याने लावलेलं कुलूप. ते दुरुस्त करायला किंवा काढून द्यायला आता कोणी पुढे येत नाही. जुन्या गेमच्या बाकी अडचणी मी समजू शकतो. नव्वदीतले कितीतरी इन्स्टॉलर 16-बिटचे होते, 64-बिट विंडोज ते चालवतच नाही. काळ पुढे गेला, ठीक आहे. पण कुलपाची गोष्ट वेगळी आहे. ते कोणीतरी मुद्दाम लावलं होतं.

त्या काळातलं सगळ्यात पसरलेलं कुलूप म्हणजे सेफडिस्क. ब्रिटनच्या सी-डिला कंपनीचं, 1998 च्या सुमाराचं; पुढे ही कंपनी अमेरिकेच्या मॅक्रोव्हिजनकडे गेली. डिस्क छापतानाच तिच्यावर काही सेक्टर मुद्दाम खराब ठेवायचे. घरच्या सीडी रायटरला ते जसेच्या तसे उतरवता येत नसत, म्हणून नक्कल ओळखू यायची. गेमची मुख्य फाइल गुप्त लिपीत बांधलेली. एज ऑफ एम्पायर्स 2 च्या डिस्कवर ती आयसीडी अशा शेपटीची वेगळी फाइल असायची. आयकॉनवर क्लिक केलं की आधी पहारेकरी प्रोग्राम उठणार, डिस्कवरचे ते खराब सेक्टर तपासणार, समाधान झालं तरच मुख्य फाइल उलगडणार. आणि या पहारेकऱ्याच्या मदतीला एक ड्रायव्हर, सेकड्राइव्ह डॉट सिस, थेट विंडोजच्या गाभ्यात बसलेला.

मुळात गेम विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरच्या गाभ्यात माणूस बसवायचा अधिकार कोणी दिला? हा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसोबतच येत होता, म्हणजे ज्याने आयुष्यात एकही गेम खेळला नाही त्याच्याही मशीनवर तो होता. 2007 मध्ये त्यात भोक सापडलं. साध्या वापरकर्त्याचे अधिकार असलेला प्रोग्राम त्यातून आत शिरून अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2007 मध्ये ते बुजवलं. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा या ड्रायव्हरला दारच बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा अपडेटने व्हिस्टा, विंडोज 7 आणि 8 वरही तो थांबवला. तिथे निदान ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत एक कमांड देऊन तो तात्पुरता चालू करता यायचा. विंडोज 10 वर तीही सोय नाही.

मायक्रोसॉफ्टचा हा निर्णय बरोबर होता. असला ड्रायव्हर काढलाच पाहिजे. पण ज्याने कुलूप लावून पैसे घेतले त्याने कुलूप मोडल्यावर दार उघडून द्यायला नको? एज ऑफ एम्पायर्स 2 आणि फ्लाइट सिम्युलेटर 2004 हे खुद्द मायक्रोसॉफ्टने विकलेले गेम, सेफडिस्क लावलेले. आपलेच दात, आपलेच ओठ. कंपनीकडे कुलूप नसलेली मूळ फाइल असते. ती जुन्या गिऱ्हाइकांना खुली करणं हे काही वर्षानुवर्षांचं काम नव्हे. काही कंपन्यांनी शेवटच्या पॅचमधून कुलूप काढलंही. बहुतेकांनी नवी आवृत्ती पुन्हा विकत घ्या म्हणून सांगितलं, किंवा काहीच सांगितलं नाही.

आणि ज्याच्यासाठी हे कुलूप होतं तो चोर? त्याचा केसही वाकडा झाला नाही. आपल्याकडे तेव्हा शंभर-दीडशे रुपयांत रस्त्यावर मिळणाऱ्या डिस्कवर ‘क्रॅक’ नावाचं एक फोल्डर असायचं. त्यातली फाइल उचलायची, गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, झालं. त्या फाइलमध्ये कुलूपच नाही, त्यामुळे विंडोज 10 ला तिच्याशी काही भांडण नाही. म्हणजे त्या वेळी चोरीचा माल घेणारा आजही खेळतोय आणि महिन्याचा पॉकेटमनी साठवून अस्सल खोका घेणारा हात चोळत बसलाय. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच लागू पडते.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. 2008 मध्ये रेनबो सिक्स वेगास 2 च्या एका पॅचनंतर, गेम डाउनलोड करून विकत घेतलेल्यांच्याकडेही तो डिस्क मागायला लागला. युबीसॉफ्टने तोडगा म्हणून जी फाइल दिली ती रीलोडेड या क्रॅक करणाऱ्या टोळीची निघाली. 2010 मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या मॅक्स पेन 2 च्या फाइलमध्ये मिथ नावाच्या टोळीचं चिन्ह सापडलं. म्हणजे ज्यांना चोर म्हणायचं त्यांचंच काम पैसे घेऊन गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि गिऱ्हाइकाने तेच केलं तर तो गुन्हेगार!

डिस्क गेली, इंटरनेटवरचं कुलूप आलं, खोड तीच. 2008 मध्ये स्पोअर हा गेम आला; सेक्युरॉमचं कुलूप, फक्त तीन वेळा ॲक्टिव्हेशन. हार्ड डिस्क बदला, विंडोज नव्याने टाका, संपले तीन. ओरड झाल्यावर पाच केले. टॉरंटफ्रीक या संकेतस्थळाच्या हिशेबाने त्या वर्षी सर्वाधिक चोरून उतरवला गेलेला गेम हाच, सुमारे 17 लाख वेळा. डिस्नेच्या ट्रॉन इव्होल्यूशनची कथा तर आणखी वाईट. सेक्युरॉमच्या परवान्याची मुदत संपली आणि 2019 मध्ये पैसे मोजलेल्यांचा गेम नव्याने सुरूच होईना.

याउलट 2008 मध्येच पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने जीओजी हे दुकान काढलं, सगळा माल बिनकुलपाचा. 2011 मध्ये त्यांचा विचर 2 हा गेम दोन रूपांत आला, जीओजीवर मोकळा आणि डिस्कवर सेक्युरॉमसह. चोरांनी पसरवली ती डिस्कची, कुलूप फोडलेली आवृत्ती. मोकळी प्रत समोर असताना! कंपनीने महिन्याच्या आत पॅच काढून कुलूपच हटवलं. दुकान आजही चालू आहे.

आपला कायदा या बाबतीत वाटतो तितका वाईट नाही. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात 65अ हे कलम आलं. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंगाच्या हेतूने फोडलं तर. हेतू महत्त्वाचा. शिवाय कलम 52 प्रमाणे सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिची नक्कल किंवा तिच्यात फेरफार करता येतो. स्वतःच्या पैशाने घेतलेला गेम स्वतःच्या घरी चालावा, याहून स्वच्छ हेतू कोणता? पुढची दुरुस्ती होईल तेव्हा एक ओळ वाढवा: ज्याने कुलूप लावलं त्याने ते चालवणं थांबवलं, तर बिनकुलपी फाइल गिऱ्हाइकाला द्यावीच लागेल.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीप्रमाणे, 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. म्हणजे ‘नवी आवृत्ती घ्या’ हा सल्लाही बहुतेक वेळा पोकळ. अशा गेमची माळ्यावरची डिस्क हीच काय ती प्रत.

ती डिस्क माळ्यावर असेल तर टाकू नका. सेफडिस्कशिम नावाचं एक साधन हौशी प्रोग्रामरने लिहून फुकट दिलंय. गेम त्या बंद पडलेल्या ड्रायव्हरला जे विचारतो, त्याची उत्तरं हे साधन देतं. विंडोजच्या गाभ्याला हात लावत नाही आणि कुलूपही फोडत नाही. विंडोज 10 वर बरेच गेम सुरू होतात, फक्त खरी डिस्क ड्राइव्हमध्ये असावी लागते. कोट्यवधींचा धंदा केलेल्या कंपन्यांना एवढं करून देता आलं असतं.