एका 'लाईन'चे भाष्य

शके 1212 मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यातील घोडेगावात आज सर्वाधिक भाष्याची गरज असलेला शब्द 'लाईन' हा आहे. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी तेथे 'लाईन लागली' म्हणजे गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागली. त्याच शेतकऱ्याला घरून 'लाईन आली' असा निरोप मिळाला, तर विहिरीवरील मोटार चालू करता येईल एवढी वीज आली. आणि त्याचा मुलगा कॉलेजात 'लाईन मारतो' असे कळले, तर ती रांगही नव्हे आणि वीजही नव्हे, मात्र धक्का बसतोच. मुंबईत 'कटिंग' मागितल्यास अर्धा ग्लास चहा मिळतो, गावाकडे मात्र त्यासाठी मान न्हाव्यापुढे वाकवावी लागते. कोल्हापुरात 'विषय हार्ड' ही अडचण नसून शाबासकी असते.

या अर्थांतराला, म्हणजे प्रसंगागणिक वा प्रदेशागणिक शब्दाचा अर्थ पालटण्याला, ग्रामीण अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी इंग्रजीच्या मूळ मालकांचे घरही पाहावे: इंग्लंडमधील विद्यार्थी 'रबर' मागतो ते चूक खोडण्यासाठी, तर अमेरिकेत त्याच नावाने चूक होऊ नये म्हणून वापरावयाचे कुटुंबनियोजनाचे साधन ओळखले जाते. तात्पर्य, इंग्रजी शब्दकोशाच्या मालकीची असेल, पण तिच्या शब्दांचा भाव ज्या त्या गावच्या लिलावातच ठरतो.